माईचे चित्र एकदा ताहितीला न्या : दोन संग्रहालयांना खुले पत्र

प्रति,
माननीय संचालक व विश्वस्त मंडळ, नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी, लंडन
माननीय संचालक व विश्वस्त मंडळ, जे. पॉल गेटी म्युझियम, लॉस एंजेलिस

सविनय नमस्कार.

अठराव्या शतकातले इंग्रज चित्रकार सर जोशुआ रेनॉल्ड्स यांनी रंगवलेले, माई या दक्षिण प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या तरुणाचे पूर्णाकृती व्यक्तिचित्र आपण दोन्ही संस्थांनी एप्रिल २०२३ मध्ये निम्मी-निम्मी रक्कम घालून पाच कोटी पौंडांना विकत घेतले आणि २००१ च्या लिलावापासून चिघळत राहिलेले एक प्रकरण मिटवले, याबद्दल प्रथम आपले अभिनंदन. पत्र लिहिण्याचे कारण मात्र वेगळे आहे. हे चित्र २०२६ पासून २०२८ च्या ऑलिंपिकपर्यंत लॉस एंजेलिसला राहणार आणि पुढे दोन्ही शहरांत आलटून-पालटून लागणार, असे आपण जाहीर केले आहे. ऑलिंपिक संपल्यावर आणि चित्र लंडनला परतण्यापूर्वी ते काही महिने ताहिती बेटावर, तिथल्या संग्रहालयात दाखवावे आणि त्यासाठीची बोलणी आतापासून सुरू करावीत, एवढी एकच मागणी या पत्रात आहे.

साताऱ्यातल्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकाने ही उठाठेव का करावी, असा प्रश्न आपल्याला पडेल, आणि तो रास्तही आहे. आमच्या गावाला अशा प्रकारच्या उसनवारीचा ताजा अनुभव आहे, हे त्याचे उत्तर. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आणि सर्वांत आधी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ठेवली गेली. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२५ मध्ये, आमच्या राज्य सरकारने नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार लंडनमध्ये सोथबीजच्या लिलावातून ४७.१५ लाख रुपयांना सोडवून आणली. माईचे चित्र २००१ मध्ये ज्या लिलावगृहात विकले गेले, तेच हे लिलावगृह. उसने मागून आणणे आणि लिलावात बोली लावून आणणे, असे वस्तू परत पाहण्याचे दोन्ही मार्ग वर्षभराच्या आत आमच्या डोळ्यांसमोर घडले असल्यामुळे, ज्यांच्याकडे बोली लावण्याइतके पैसे नाहीत त्यांच्यासाठी पहिल्या मार्गाचे मोल काय असते, हे आम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही. पत्राची इंग्रजी प्रत आपल्याला टपालाने पाठवली आहे. मराठीत ते प्रसिद्ध करतो आहे, ते आमच्या लोकांनी या मागणीला आपली सही जोडावी म्हणून.

मराठी वाचकांसाठी थोडा पूर्वेतिहास सांगणे भाग आहे, आपण तो जाणताच. माई हा दक्षिण प्रशांत महासागरातल्या रायातेआ बेटावर १७५१ च्या सुमारास जन्मलेला तरुण. बोराबोराच्या योद्ध्यांनी रायातेआवर स्वारी केली, त्यात त्याचे वडील मारले गेले, जमीन गेली, आणि कुटुंब ताहितीला आश्रयाला आले. १७७३ मध्ये कॅप्टन कुक यांच्या दुसऱ्या सफरीतले ॲडव्हेंचर हे जहाज हुआहिने बेटावर थांबले असताना तो त्यात चढला आणि जुलै १७७४ मध्ये इंग्लंडला पोहोचला. त्याला इंग्लंड पाहण्याची हौस होती की नव्हती, हे बाजूला ठेवू. बंदुका आणि इंग्रजांचे पाठबळ मिळवून गेलेली जमीन परत घ्यायची, हा त्याचा हेतू त्याने लपवला नव्हता. लंडनने मात्र त्याच्याकडे पाहिले ते एक नवल म्हणून. आल्यानंतर काही दिवसांतच क्यू येथे तिसऱ्या जॉर्ज राजाची भेट झाली, मग देवी टोचून घेणे, निसर्गशास्त्रज्ञ सर जोसेफ बँक्स आणि आरमारप्रमुख लॉर्ड सँडविच यांच्याकडचा पाहुणचार, मेजवान्या, नाटके. कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांच्यासारख्या खवचट माणसानेही त्याच्या रीतीभातींची वाखाणणी केली. जुलै १७७६ मध्ये तो कुक यांच्या तिसऱ्या सफरीबरोबर परत निघाला. सोबत बंदुका होत्या, एक चिलखत होते, हाताने फिरवून वाजवायची बाजाची पेटी होती, खेळणी होती. एक वर्षाहून अधिक प्रवासानंतर कुक यांनी त्याला रायातेआवर न उतरवता हुआहिनेवर घर बांधून दिले आणि ते निघून गेले. वडिलांची जमीन त्याला मिळाली नाही. त्यानंतर दोन-अडीच वर्षांतच तो वारला.

तो इंग्लंड सोडून निघाला त्याच वर्षी, म्हणजे १७७६ मध्ये, रेनॉल्ड्स यांनी हे चित्र रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात मांडले. उंची जवळजवळ २३६ सेंटिमीटर, रुंदी सुमारे १४५. माई अनवाणी उभा आहे, अंगावर पांढऱ्या वस्त्राचा मोठा घोळ, डोक्याला पागोटे, मागे ताडामाडांची झाडे आणि ढगाळ आकाश. एका हाताने त्याने कमरेपाशी वस्त्राच्या चुण्या धरल्या आहेत, दुसरा हात देहापासून दूर, मोकळा सोडला आहे. उभे राहण्याची ढब रोममधल्या अपोलोच्या प्रसिद्ध पुतळ्यावरून घेतलेली आहे, आणि नजर आपल्याला चुकवून दूर कुठेतरी लागली आहे. शाळेत मी मुलांना व्यक्तिचित्र शिकवताना नेहमी सांगत असे की चेहऱ्याआधी हात पाहा, कारण चेहऱ्यात चित्रकार गिऱ्हाइकाची खुशामत करू शकतो, हातात ते जमत नाही. या चित्राचेही तसेच आहे. पागोटे, पायघोळ वस्त्र, पुतळ्याची ढब हा सगळा रेनॉल्ड्स यांच्या कल्पनेतला पूर्वेकडचा थाटमाट. खऱ्या ताहितीचा त्यात भाग थोडा. पण हातावर गोंदणाच्या खुणा आहेत, आणि त्या कल्पनेतल्या नाहीत. उत्तम अंगरखा चढवलेल्या माणसाचे मनगट चुकून उघडे राहावे, तसा तेवढ्या जागी माई स्वतः दिसतो.

आता या चित्राच्या किमतीची कहाणी. रेनॉल्ड्स यांनी ते जिवंतपणी विकले नाही; १७९२ मध्ये ते वारले तेव्हा ते त्यांच्या स्टुडिओतच होते. १७९६ मध्ये त्यांच्या संग्रहाचा लिलाव झाला आणि एका दलालाने ते १०० गिनींना, म्हणजे १०५ पौंडांना घेतले. त्याच्याकडून ते कार्लाइलच्या पाचव्या अर्लकडे गेले आणि यॉर्कशायरमधल्या कासल हॉवर्डमध्ये दोनशे वर्षे राहिले. घराण्याला पैशांची गरज पडली तेव्हा, २९ नोव्हेंबर २००१ रोजी, ते लिलावात उभे राहिले आणि १ कोटी ३ लाख पौंडांवर गेले. लिलावात ब्रिटिश चित्राला मिळालेली तोपर्यंतची ती दुसऱ्या क्रमांकाची किंमत होती. घोड्यांच्या पैदाशीच्या धंद्यातले आयर्लंडचे बडे व्यावसायिक जॉन मॅग्नियर हे त्याचे नवे मालक झाले. त्यांनी चित्र देशाबाहेर नेण्यासाठी परवाना मागितला आणि तिथून खरी ओढाताण सुरू झाली. टेट संग्रहालयाने २००३ मध्ये एका अनामिक देणगीच्या बळावर १ कोटी २५ लाख पौंड देऊ केले, मालकांनी ते नाकारले. चित्र मग काही वर्षे तात्पुरत्या परवान्यावर डब्लिनच्या नॅशनल गॅलरीत लागले, आणि उरलेला बराच काळ लोकांच्या दृष्टिआड राहिले. मार्च २०२२ मध्ये निर्यातीचा प्रश्न पुन्हा वर आला, किंमत ५ कोटी पौंड ठरली, मुदत वाढत गेली आणि पोर्ट्रेट गॅलरीने लोकांकडून, नॅशनल हेरिटेज मेमोरियल फंडाकडून आणि आर्ट फंडाकडून वर्गणी जमवायला घेतली. आपल्या रुपयांत ही रक्कम पाचशे कोटींच्या घरात जाते. निम्मी रक्कम जमेपर्यंतच दमछाक झाली, तेव्हा गेटी म्युझियम पुढे आले.

या सगळ्या हिशेबात माझे लक्ष आकड्यांपेक्षा निर्यातबंदीच्या निकषांकडे अधिक गेले. ब्रिटनमध्ये १९५२ पासून वेव्हर्ली समितीने घालून दिलेले तीन प्रश्न विचारले जातात. वस्तूचा देशाच्या इतिहासाशी आणि राष्ट्रीय जीवनाशी इतका जवळचा संबंध आहे का, की तिचे जाणे हानीकारक ठरावे? तिचे कलामूल्य असाधारण आहे का? आणि कला, विद्या किंवा इतिहास यांच्या एखाद्या शाखेच्या अभ्यासासाठी तिचे महत्त्व असाधारण आहे का? नियम चांगला आहे. आमच्याकडेही १९७२ चा कायदा आहे आणि त्यामुळे राजा रविवर्मा यांची चित्रे देशाबाहेर विकता येत नाहीत, याचे मला समाधानच वाटते. पण माईच्या बाबतीत पहिला प्रश्न मोठ्याने वाचून पाहावा. हा माणूस ब्रिटनमध्ये राहिला दोनच वर्षे, तीही पाहुणा म्हणून. त्याचे चित्र देशाच्या राष्ट्रीय जीवनापासून वेगळे काढता येत नाही, असे एकदा मानले, तर जिथे तो जन्मला, जिथे त्याची जमीन होती आणि जिथे तो मेला, तिथल्या लोकांच्या जीवनाशी त्याचा संबंध किती जवळचा मानायचा? हा प्रश्न विचारण्याची सोय त्या नियमात नाही, कारण नियम विकणारा, घेणारा आणि बाहेर जाऊ न देणारा देश एवढ्या तिघांचाच विचार करतो. लिलावाच्या कागदांचेही तेच आहे. चित्र कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले, याची साखळी त्यांत कडी न कडी जोडून दिलेली असते आणि तशी ती असलीच पाहिजे, पण व्यक्तिचित्रातल्या व्यक्तीचा त्या साखळीत कुठेच शिरकाव नसतो. डच सावकार, इंग्रज सरदार किंवा इटालियन काउंटेस चित्रात असेल, तर बिघडत नाही, कारण चित्र त्यांच्याच पैशाने आणि त्यांच्याच घरासाठी काढलेले असते. मालकांच्या यादीतले पहिले नाव बहुधा त्यांचेच निघते. माईच्या चित्राच्या यादीत माईचे नाव मालक म्हणून कधीच नव्हते.

यावरून आपण चित्र कायमचे देऊन टाकावे, असे मी म्हणत नाही. हे चित्र कोणी लुटून आणलेले नाही, ते लंडनमध्ये एका इंग्रज चित्रकाराने काढले आहे आणि त्याच्यावरचा आपला हक्क निर्विवाद आहे. आमच्याकडे अशा चर्चांमध्ये ‘परत द्या’ ही आरोळी पटकन उठते; इथे ती लागू होत नाही आणि मी ती देतही नाही. मी फक्त दाखवण्याबद्दल बोलतो आहे.

दाखवण्याने काय होते, ते साताऱ्यात पाहिलेले सांगतो. वाघनखे आली तेव्हा ती शिवरायांचीच का, यावर आमच्याकडे कडाक्याचा वाद झाला. ती अफझलखानाच्या वधाच्या वेळी वापरली गेली असे सिद्ध करता येत नाही, हे खुद्द लंडनच्या संग्रहालयाने प्रामाणिकपणे नोंदवले आहे. साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडून त्याच्या वंशजांकडे आणि तिथून संग्रहालयाकडे, एवढाच त्यांचा पक्का प्रवास. हे सारे छापून आलेले असतानाही लोक आले. माण-खटावच्या गावांतून एसटी भरून शाळेची मुले आली, पाटणकडची म्हातारी माणसे आली. काचेच्या पेटीसमोर पोहोचल्यावर एका बाईंनी चपला काढून बाजूला ठेवल्या, हात जोडले, आणि मग मान वाकडी करून त्या पोलादाच्या कड्या अशा काही निरखल्या की मागच्या माणसाला त्यांना पुढे सरका म्हणायचा धीर होईना. भक्ती आणि चिकित्सा एकाच माणसात नांदताना मी पाहिली. वस्तू लंडनमध्ये होती तेव्हाही तिचे फोटो आम्हा सर्वांना ठाऊक होते; फोटो पाहून कोणी तिच्या खरेखोटेपणाविषयी रात्र-रात्र वाद घातला नव्हता. समोर आल्यावर तो वाद घालण्याचा अधिकार लोकांना आपसूक मिळाला.

माईच्या चित्राला असे प्रेक्षक अजून मिळालेले नाहीत. त्याला अडीचशे वर्षे अकॅडमीतल्या मंडळींनी पाहिले, कासल हॉवर्डच्या पाहुण्यांनी पाहिले, लिलावातल्या बोलीदारांनी पाहिले, आणि २०२३ मध्ये ते लंडनच्या तिकीट न लागणाऱ्या दालनांत लागले व कोणालाही पाहता आले, हे फार चांगले झाले. आपण ते देशांतर्गत दौऱ्यावरही काढलेत. ब्रॅडफर्डसारख्या कामगारांच्या शहरात ते नेलेत, केंब्रिज आणि प्लिमथ यांना त्यात सामील केलेत; हा निर्णय मला मनापासून आवडला. पण मी पाहिलेल्या वेळापत्रकात दक्षिण प्रशांतातले एकही ठिकाण नव्हते. चित्रातले गोंदण वाचू शकणारी माणसे जगाच्या पाठीवर जिथे सर्वांत जास्त सापडतील, ते ठिकाण ताहिती आणि तिच्या भोवतीची बेटे हेच आहे. तिथली गोंदणाची कला मिशनऱ्यांच्या काळात बंद पाडली गेली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीच्या दशकांत तिथल्याच लोकांनी ती पुन्हा उभी केली. ज्या काळातली परंपरा मध्येच तुटली, त्या काळातला एक हात, जिवंत माणसाला समोर उभे करून रंगवलेला, आपल्या ताब्यात आहे. आज तिथे सुई हातात धरणाऱ्या कारागिराला तो काही फुटांवरून पाहता यावा, यापेक्षा या चित्राचा अधिक नेमका उपयोग मला तरी सुचत नाही.

ते लोक चित्र पाहून कदाचित हसतीलही. हे पागोटे कुठून आले, असे विचारतील. माई काही त्यांच्याकडचा सरदार नव्हता. मध्यम दर्जाच्या जमीनधारक घरातला मुलगा होता, आणि परतल्यावर इंग्रजांच्या भेटवस्तूंनी भरलेल्या त्याच्या पेट्यांवर बेटावरच्या मोठ्या माणसांचा डोळा होता, तो निराळाच. त्यांच्या इतिहासात त्याची जागा मोठी आहे की छोटी, हे त्यांनाच ठरवू द्यावे. चित्र ‘सन्मानाने मायदेशी’ वगैरे समारंभी थाटात नेले, तर ही मोकळीक त्यांच्याकडून काढून घेतल्यासारखे होईल. आमच्याकडे वाघनखांच्या स्वागताला भाषणे इतकी झाली, की वस्तूपेक्षा व्यासपीठच मोठे दिसू लागले होते. तो भाग अनुकरणीय नाही.

आपल्याकडून येऊ शकतील अशा हरकती मला दिसतात, आणि त्यांतल्या काही वजनदार आहेत. पहिली हरकत जपणुकीची. अडीचशे वर्षांचे, आठ फुटांजवळचे कॅनव्हास, रेनॉल्ड्स यांच्यासारख्या रंगांत नाना प्रयोग करणाऱ्या चित्रकाराचे. त्यांची अनेक चित्रे त्यांच्या हयातीतच फिकी पडू लागली होती. असे चित्र उष्ण आणि दमट बेटावर नेणे धोक्याचे आहे, असे आपले संवर्धक म्हणतील. पण दमटपणा दालनाबाहेरचा असतो. ताहितीचे संग्रहालय, ‘ते फारे इआमानाहा’, मोठ्या नूतनीकरणानंतर मार्च २०२३ मध्ये पुन्हा उघडले आणि त्या निमित्ताने ब्रिटिश म्युझियमने रुरुतु बेटावरची आआ ही जगप्रसिद्ध लाकडी मूर्ती तिथे उसनी दिली. ब्रिटिश म्युझियमच्या पॉलिनेशियन संग्रहातला हा मुकुटमणी. तो ज्या दालनात ठेवायला आपल्याच शहरातल्या शेजारी संस्थेची हरकत नव्हती, ते दालन चित्रासाठी कसे अपुरे पडते, हे आपल्याला निदान तपशिलाने सांगावे लागेल. तैलचित्राच्या गरजा लाकडापेक्षा वेगळ्या असतात, हे मला मान्य आहे. त्या काय आहेत ते लिहून द्यावे, त्या पुऱ्या करायला किती खर्च येतो ते मोजावे. मोजण्याआधीच नकार देऊ नये.

दुसरी हरकत अंतराची. इथे गेटी म्युझियमच्या विश्वस्तांनी नकाशा समोर घ्यावा. लंडन ते लॉस एंजेलिस हे अंतर पावणेनऊ हजार किलोमीटरच्या आसपास आहे. लॉस एंजेलिस ते ताहितीवरचे पापीती शहर साडेसहा हजारांच्या थोडे वर, आणि थेट विमान आहे. म्हणजे चित्र आपल्या दालनात पोहोचते तेव्हा लंडनहून ताहितीची निम्म्याहून जास्त वाट संपलेली असते. ते एकदा लंडनला परत गेले, की हा प्रवास पुन्हा मुळापासून करावा लागेल आणि तो कधीच होणार नाही, हे आपणही जाणता. म्हणूनच ही मागणी ‘कधीतरी’ची नाही, २०२८ ची आहे.

तिसरी हरकत खर्चाची आणि विम्याची. पाच कोटी पौंडांच्या वस्तूचा विमा त्या संग्रहालयाला झेपणार नाही, हे उघड आहे, आणि म्हणून तो त्यांच्यावर टाकू नये. चित्राच्या खरेदीत सार्वजनिक निधीचा मोठा वाटा होता. जमा झालेला पैसा वाहतुकीसाठी वापरता येत नसेल, तर वेगळी वर्गणी मागावी. या पत्राचे वाचकही त्यात आपापल्या परीने भर घालतील. मी माझ्या निवृत्तिवेतनातून घालीन. रक्कम किरकोळ असेल, पण आमच्याकडे देवळाच्या कळसापासून गावच्या वाचनालयापर्यंत बरेच काही अशाच किरकोळ रकमांतून उभे राहिले आहे.

राहिला प्रश्न पूर्वोदाहरणाचा. एकाला दिले की दहा जण मागतील, ही भीती संग्रहालयांना नेहमी असते. मागू देत. पोर्ट्रेट गॅलरीने २००३ मध्ये विल्यम पॅरी यांनी काढलेले माई, बँक्स आणि निसर्गशास्त्रज्ञ सोलँडर यांचे एकत्र चित्र घेतले, ते एकटीने घेतले नव्हते. कार्डिफचे राष्ट्रीय संग्रहालय आणि व्हिटबी या समुद्रकाठच्या छोट्या गावातले कॅप्टन कुक स्मारक संग्रहालय तिच्यासोबत भागीदार होते. कुक ज्या गावात जहाजाचे काम शिकला, त्या गावाला माईच्या चित्रात वाटा मिळू शकतो. माई ज्या बेटांवर वाढला आणि मेला, त्या बेटांना काही महिन्यांची भेट मिळणे त्यापेक्षा किती तरी लहान गोष्ट आहे.

एक बाब मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण तिच्यावर बाकीचे सगळे अवलंबून आहे. ताहितीच्या लोकांना हे चित्र हवे आहे का, हे मला ठाऊक नाही आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा मला कसलाच अधिकार नाही. महाराष्ट्राने वाघनखे मागितली होती, म्हणून ती आली. इथे मागणी बाहेरून, हजारो मैलांवरच्या एका शिक्षकाकडून येते आहे, आणि हे या पत्राचे दुबळेपण आहे. त्यामुळे आपण सुरुवात आश्वासनाने न करता विचारणेने करावी. ‘ते फारे इआमानाहा’च्या संचालकांना आणि ताहिती ज्यात मोडते त्या फ्रेंच पॉलिनेशियाच्या संस्कृती खात्याला दोन्ही संस्थांच्या सहीचे पत्र जावे. चित्र तुम्हाला पाहायला हवे आहे का, हवे असल्यास कुठे, किती काळ, आणि शेजारच्या पाटीवर काय लिहिलेले असावे, हे त्यात विचारलेले असावे. पाटीवरचा मजकूर त्यांनी लिहावा आणि तोच पुढे लंडन आणि लॉस एंजेलिसमध्येही लागावा, अशी माझी सूचना आहे. ते ‘नको’ म्हणाले, तर ते उत्तरही प्रसिद्ध व्हावे आणि विषय तिथेच थांबावा.

अशी विचारणा आपण याआधीच केली असेल, तर तिचे काय झाले ते जाहीर करावे. मी हे पत्र आनंदाने मागे घेईन. केली नसेल, तर विश्वस्त मंडळांच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि जो निर्णय होईल तो कारणांसह कळवावा, ही विनंती. कॅनव्हासची तपासणी, पेटी, परवाने, विमा आणि दालनाची तयारी यांना किती काळ लागतो, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. २०२८ ची तयारी २०२८ मध्ये सुरू करून चालणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
सातारा, महाराष्ट्र